खालून पाहायचं दालन

नरसय्या गेल्याचं मला त्यांच्या पत्नीनं सांगितलं. मी सांभाळतो त्या संग्रहालयाच्या दारात पोशम्मा भर दुपारी येऊन उभ्या राहिल्या. आत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. "मा आयना गेले," त्या म्हणाल्या. त्यांच्या तेलुगूत बायका नवऱ्याचं नाव न घेता असंच म्हणतात. मग मला नीट कळावं म्हणून मराठीत म्हणाल्या, "आज सकाळच्याला. तुमास्नी सांगून ये म्हनून त्येनी काय सांगितलं न्हवतं. मीच आले." एवढं बोलून त्या साखर पेठेच्या वाटेनं निघून गेल्या. मी चप्पल घालून त्यांच्यामागे निघालो, पण दहा पावलं अंतर ठेवून चाललो. बरोबरीनं चालायचा मला अधिकार नव्हता.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. मध्ये शोकसभा झाली. हार घातलेला फोटो, तीन वक्ते, आणि तिघांच्याही तोंडी एकच शब्द... क्षमाशील. एवढं दुःख सोसून त्यांनी कुणाचं वाईट चिंतलं नाही, असं एक वकील म्हणाले. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो. नरसय्या असते तर उठून गेले असते. त्यांनी कुणालाही क्षमा केली नाही. सूड घ्यायचा असं ठरवून त्यांनी तो चार वर्षं सांभाळला, आणि सागवानात, दगडात आणि उजेडात बसवून दाखवला. माणूस मेला की त्याच्या हातातली चीज काढून घेऊन तिथं फुलं ठेवायची आपली रीत आहे. ती निदान यांच्या बाबतीत चालू नये, म्हणून हा लेख.

नरसय्या मूळचे माग बनवणारे. विणकरांच्या घरात जन्मलेले, पण स्वतः विणत बसण्यापेक्षा त्यांचा हात लाकडात रमला. शहरातल्या कितीतरी घरांत खड्ड्यात पाय सोडून विणकर ज्या मागावर बसतो, तो माग नरसय्यांच्या हातचा असे. मी त्यांना प्रथम पाहिलं ते एका सुताच्या पेढीवर. मी तिथं कारकून होतो. पेढीच्या मालकांना पुढं सरकारनं रावसाहेब केलं, म्हणून मी त्यांना इथं रावसाहेबच म्हणेन. त्यांचं नाव लिहिणार नाही. का, ते ओघात येईल.

पेढीत सुताच्या गठ्ठ्यांसाठी नव्या मांडण्या करायच्या होत्या. नरसय्या आले, दारात बराच वेळ उभे राहिले, आणि रावसाहेबांना त्यांनी विचारलं, "गिऱ्हाईक आत आलं की त्याला आधी माल दिसला पायजे, का मालक?" रावसाहेब हसले. म्हणाले, "मालक दिसू दे." तेव्हा नरसय्यांनी सुताच्या मांडण्या दोन्ही बाजूंना रचून मधे एक लांब वाट ठेवली, आणि त्या वाटेच्या टोकाला गादीचा चौथरा वीतभर उंच केला. दुसऱ्या दिवसापासून पेढीत येणारा विणकर नकळत हळू बोलू लागला. लाकडाची जागा बदलली की माणसाचा आवाज बदलतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. नरसय्यांनीही पाहिलं असणार. पुढं ते हे विसरले नाहीत एवढंच.

त्यांचा धाकटा भाऊ मल्लय्या. हा मात्र अस्सल विणकर, आणि जिभेनं तिखट. रावसाहेब सूत दमट करून विकतात, ते वजनाला भरतं आणि मागावर तुटतं, असं तो पेठेतल्या चौकात उभा राहून सांगायचा. खरंच होतं ते. पाणी शिंपडायला मीच माणसं लावत असे. रावसाहेबांच्या कानावर ते गेलं, तेव्हा ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "बोलू दे." त्यांचं न रागावणं मला जास्त भयंकर वाटलं होतं.

मग मार्शल लॉचे दिवस आले. सोलापूरकरांना ते मी सांगायला नको. डोक्यावरची पांढरी टोपीसुद्धा गुन्हा झाली होती. दंगलीच्या दिवशी दगडफेक करणाऱ्या जमावात होता, म्हणून मल्लय्याला मागावरून उचलून नेलं. त्यानं सांगितलं, मी त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत पेढीवर होतो, सुतापोटी द्यायच्या साड्या घेऊन बसलो होतो. ते शब्दशः खरं होतं. बाहेर गडबड चालू होती म्हणून रावसाहेबांनी त्याला ताटकळत ठेवलं होतं. ऊन कडक होतं आणि त्याला तांब्याभर पाणी मीच दिलं होतं.

पोलिसांचा अंमलदार चौकशीला पेढीवर आला. रावसाहेब गादीवर होते, मी खाली मेजाशी. "मल्लय्या? इकडं?" रावसाहेब म्हणाले. "आठवडाभरात फिरकला नाही तो." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, "काय रे दत्तू?"

मी म्हणालो, "नाही."

एवढाच शब्द. अंमलदारानं तो लिहूनही घेतला नाही, मान डोलावून तो निघून गेला. मल्लय्याला सक्तमजुरी झाली. परगावच्या तुरुंगात दुसऱ्या पावसाळ्यात तो तापानं गेला. त्याच वर्षी आमच्या मालकांना रावसाहेबी मिळाली. पेढीवर पेढे वाटले गेले. ते वाटणारा मीच होतो.

नरसय्या या काळात कुणाशी एक शब्द वाकडा बोलले नाहीत. हातात रंधा, खाली मान. लोक म्हणत, हा माणूस थंड आहे. मलाही तसंच वाटलं... म्हणजे, तसं वाटून घेणं मला बरं पडत होतं.

रावसाहेबांना पुढं आपल्या नावाची काळजी वाटू लागली. रस्त्यात लोक तोंडावर नमस्कार करत आणि पाठीमागं थुंकत. तेव्हा त्यांनी शहराला एक इतिहास संग्रहालय बांधून द्यायचं ठरवलं. तळ्याच्या बाजूला त्यांचं एक दगडी गोदाम होतं, ते त्यांनी नगरातल्या पंचांच्या नावे कायमचं लिहून दिलं. कागद इतका पक्का केला की उद्या आपल्या मुलांनाही तो मोडता येऊ नये. याचा पुढं त्यांना किती पश्चात्ताप होणार होता, ते तेव्हा त्यांना कुठं ठाऊक होतं. पुण्याच्या एका नकाशे काढणाऱ्यानं आतल्या सजावटीचे कागद करून पाठवले होते. लाल मखमल, काचेची कपाटं, तलवारी, हंड्या-झुंबरं, आणि टोकाला रावसाहेबांच्या वडिलांचं तैलचित्र. देखरेखीसाठी अक्षर चांगलं म्हणून माझी नेमणूक झाली. लाकूडकामाला नरसय्यांना बोलावणं गेलं.

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. ते आले, नकाशे पाहिले आणि रावसाहेबांना म्हणाले, "तलवारी काय, सगळ्यांकडंच हायत की. आपल्या गावचं काय हाय ते दावा. आपलं गाव सुतावर उबं हाय." रावसाहेबांना ते पटलं. सूत म्हणजे आपणच, असं त्यांना वाटत होतं. "तुमच्या वडलांची गादी, तक्क्या, तराजू, समदं वर ठिवू. सगळ्यात उंच," नरसय्या म्हणाले. रावसाहेबांनी नकाशे गुंडाळून ठेवले आणि आतलं सगळं काम नरसय्यांवर सोपवलं.

बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, "तुम्ही याचं काम घेणार?"

"घेणार की."

"का पण?"

त्यांनी गोदामाच्या भिंतीवर तळवा टेकला. "भाईर त्येचं. आत माझं. येणारा मानूस आत बगायला येतो, कारकूनसायेब."

वर्षभर काम चाललं. आज जे दालन दिसतं ते त्यांनी कागदावर एक रेघ न मारता उभं केलं. काचेचं एकही कपाट त्यांनी येऊ दिलं नाही. फरशी उकरून दोन्ही बाजूंना ओळीनं खड्डे घेतले, त्यांत जुने माग बसवले. पाहणाऱ्यानं दोन पायऱ्या उतरून विणकराच्या जागी बसायचं, आडवं सूत नेणारा धोटा हातात घ्यायचा, आणि तिथून दालन बघायचं. मधली वाट एका माणसापुरती. वाटेवर मागाच्या खांबांसारख्या ठेंगण्या सागवानी चौकटी, वाकल्याशिवाय कुणाला पुढं जाता येऊ नये अशा. आणि टोकाला कमरेइतक्या उंच दगडी चौथऱ्यावर गादी. छपरातली कौलं काढून तिथं काच बसवली, सगळा उजेड त्या गादीवर. रावसाहेब आठवड्यातून एकदा येऊन पाहत, आणि ती गादी पाहून त्यांचा चेहरा फुलत असे. ते नेहमी उभ्यानं पाहायचे. खड्ड्यात ते एकदाही उतरले नाहीत.

मी उतरलो होतो. एका दुपारी नरसय्या बाहेर गेलेले असताना मी एका मागावर बसून वर पाहिलं... आणि मला पेढीतला तो चौकशीचा दिवस दिसला. खालून पाहिलं की ती गादी मानाची दिसत नव्हती. छातीवर आल्यासारखी दिसत होती. तिच्यावर कुणीही बसलेलं नसताना मला तिथं माणूस दिसला. मी घाईनं वर आलो. दालन कशासाठी बांधलं जातंय ते मला तेव्हा कळलं, आणि मी कुणाला बोललो नाही. या वेळचं माझं गप्प राहणं वेगळं होतं, असं मी स्वतःला सांगतो.

गादीच्या अगदी पायथ्याशी शेवटचा खड्डा होता. तो फळ्यांनी झाकलेला असे. रावसाहेबांनी विचारलं तर नरसय्या म्हणत, "तेलपाणी वाळतंय अजून."

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी ते माझ्याकडे चिठ्ठ्या घेऊन आले. प्रत्येक वस्तूशेजारी लावायच्या पाट्या माझ्या अक्षरात हव्या होत्या. मागाचं नाव, कुणाच्या घरचा, कोण विणत असे. खाली तेलुगू ते स्वतः लिहिणार होते. दिवसभर मी लिहीत होतो आणि ते सांगत होते. शेवटची पाटी राहिली, तेव्हा त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

"लिवा. हा माग मल्लय्याचा. मागावरचं कापड अर्धं हाय, कारण हितनंच त्याला नेला." मी लिहिलं. "दंग्याच्या दिवशी तो सकाळपासून दुपारपातूर सुताच्या पेढीवर बसून होता." मी तेही लिहिलं. "पेढीच्या कारकुनानं ते बगितलं, आन् पोलिसास्नी न्हाय म्हनून सांगितलं."

माझा टाक थांबला. मी विचारलं, "तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

"तुरुंगातनं सुटलेल्या एकाकडनं भावानं निरोप धाडला होता. कारकूनसायबांनी मला पानी दिलं, ते चांगले हायत, ते सांगतील, म्हनला." नरसय्या माझ्याकडे पाहत नव्हते, कागदाकडे पाहत होते. "आमी वाट बगितली. तो मरस्तवर बगितली."

मग मी विचारलं, "आणि रावसाहेबांचं नाव? ते का नाही घालत?"

"नाव पायजे म्हनून तर त्येनं हे घर बांधलंय," ते म्हणाले. "त्येचं नाव हितं कुटंच येनार न्हाय. तुमचं येनार. लिवा."

मी नकार दिला असता तर त्यांनी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं नसतं, हे मला आजही खात्रीनं वाटतं. त्यांनी ती जागा कोरी ठेवली असती आणि मला रोज त्या कोऱ्या जागेसमोर बसवलं असतं. मी लिहिलं. दत्तात्रय विष्णू. त्यांच्या पद्धतीप्रमाणे ठळक, चार हातांवरून वाचता येईल असं.

उद्घाटनाला कलेक्टरसाहेब आणि त्यांची मडम आली. पेठेतली विणकर मंडळी बायकामुलांसह आली होती. नरसय्यांनी सगळ्यांना आपापल्या घरच्या मागावर बसवलं, म्हणजे साहेबांना काम चालू दिसेल. रावसाहेबांना त्यांनी सांगितलं होतं, आपण गादीजवळ उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करावं. जरीची पगडी, अंगावर उपरणं, छपरातला उजेड नेमका तोंडावर. वडिलांचा तक्क्या मागे. रावसाहेब त्या दिवशी सुंदर दिसत होते, हे मला कबूल केलं पाहिजे.

मडमबाई हौसेनं एकेक माग पाहत शेवटपर्यंत आल्या. फळ्या सकाळीच निघाल्या होत्या. तो एकच माग रिकामा, म्हणून त्या त्याच्यावर बसल्या. अर्ध्या कापडावरून हात फिरवला. शेजारी पाटी दिसली तेव्हा काय लिहिलंय म्हणून साहेबांना विचारलं. साहेबांना मराठी बोलता येई, वाचायला वेळ लागे. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि मला म्हणाले, "तुम्ही वाचा."

मी वाचलं. आवाज चढवावा लागला नाही. धोटे आपोआप थांबले होते. माझं नाव आलं तेव्हा मी थांबलो आणि म्हणालो, "तो कारकून मीच." खड्ड्यांतून एक बाई हलकेच रडायला लागली. मागाहून कळलं, त्या पोशम्मा. मल्लय्याला लहानपणापासून त्यांनीच वाढवलं होतं.

साहेबांनी विचारलं, "पेढी कोणाची?"

खड्ड्यांतले सगळे चेहरे वर वळले. शंभरेक माणसं असतील. ती सगळी खालून एकाच माणसाकडे पाहत होती, आणि तो माणूस एवढ्या उजेडात उभा होता की त्याला लपायला सावलीसुद्धा नव्हती. रावसाहेब उतरायला निघाले. उतरायची वाट एकच होती. पायऱ्या मल्लय्याच्या मागाशेजारून, पुढं त्या ठेंगण्या चौकटी, आणि दोन्हीकडे विणकर. पहिल्या चौकटीपाशी नरसय्या उभे होते.

"वाकून या, रावसायेब," ते म्हणाले.

रावसाहेब दोन्ही हातांनी पगडी धरून वाकले. पहिल्या चौकटीत, दुसऱ्या, तिसऱ्या... अशा नऊ चौकटी आहेत. मी तेव्हा प्रथमच त्या मोजल्या. मला आनंद झाला होता, हे लपवत नाही. आयुष्यात इतका आनंद मला पुन्हा झाला नाही. माझी मान त्यांच्याइतकीच खाली गेली होती, तरी झाला.

साहेबांनी पुढं काहीही केलं नाही. चौकशी नाही, कागद नाही. मल्लय्या गेला तो गेलाच, आणि रावसाहेब रावसाहेबच राहिले. पण पेढीवर विणकर फिरकेनासे झाले, आणि दोन वर्षांत त्यांनी ती आवरून मुलाच्या गावी बिऱ्हाड हलवलं. मला त्यांनी दुसऱ्याच दिवशी काढलं. संग्रहालय त्यांच्या ताब्यात नव्हतं, पंचांनी मला इथं ठेवून घेतलं. एकदा मी नरसय्यांना विचारलं, समाधान झालं का. ते म्हणाले, "समाधान कशाचं? भाऊ आला का माघारी?" आणि मग, "पर झोप लागती आता."

त्यानंतर ते दर सोमवारी लाकडाला तेल लावायला येत. मी चहा मागवायचो, ते घेत नसत. पाणीही नाही. ते आजारी पडल्यावर मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा धीर करून माफी मागितली. "न्हाय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, माप सांगावं तसं सांगितलं. मी उठलो. क्षमेबाबत त्या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं, आणि मला बरं वाटावं म्हणून तर मुळीच नाही.

गेल्या आठवड्यात रावसाहेब आले. आता पुष्कळ थकलेत, काठी आहे. दालनात कुणी नव्हतं. त्यांना वर्तमानपत्रातून नरसय्यांची बातमी कळली होती. दारापाशीच खुर्ची मागून ते बसले, आत गेले नाहीत. "आता तो गेला," ते म्हणाले. "ती पाटी काढ. तुझंही नाव आहे तिच्यावर, दत्तू. तुझ्या मुलींची लग्नं व्हायचीत. दोघांच्याही सोयीचं आहे."

मी आत जाऊन पाटी काढली आणि त्यांच्यासमोर मेजावर ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव आला. इतक्या वर्षांत अक्षर फिकं पडलं होतं, माझं नाव तर नीट वाचताही येत नव्हतं. मी दौत उघडली, टाक घेतला, आणि पहिल्या अक्षरापासून प्रत्येक अक्षर पुन्हा गिरवलं. सावकाश. रावसाहेब बघत होते. माझ्या नावाशी आलो तेव्हा ते म्हणाले, "वेडा आहेस का तू?" मी नाव पुरं केलं. शाई वाळली तशी पाटी उचलली, वाकत वाकत आत गेलो, आणि मल्लय्याच्या मागाशेजारी होती तिथं लावली. मग पायऱ्या उतरून त्या मागावर बसलो आणि वर पाहिलं. गादीवर उजेड होता. बाहेर काठीचा आवाज दूर जाईपर्यंत मी तिथून हललो नाही.